फळीला हात लावायचा नाही

मंगळवार, ९ जानेवारी २०१८
पाटापलीकडचं घर

सिल्वानो,

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तू दलदलीच्या निकासातल्या, पाणी अडवणाऱ्या तिन्ही फळ्या उपसून काढल्यास. वेळ मी लिहून ठेवली आहे. माझं घड्याळ रोज रेडिओच्या बातम्यांवर लावलेलं असतं, तेव्हा नंतर ‘सात वाजले असतील’ म्हणून सुटायचं नाही. तुझ्या अंगात निळा बनियन होता. शेजारचा डग हेनेसी ट्रकमध्ये बसून सँडविच खात होता. मधली फळी फुगून घट्ट बसली होती म्हणून तू तिला जी शिवी हासडलीस, ती पाण्यावरून थेट माझ्या टाकीपर्यंत आली. शिवी पपांची होती. फळ्याही पपांच्याच होत्या. त्या ट्रकमध्ये टाकून तू घरी नेल्यास आणि वरच्या पाटाचं दारही बंद केलंस.

आपण सव्वादोन वर्षं बोललेलो नाही. हे पत्र समेटाचं आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. सिस्टर बेनिग्ना आम्हाला शाळेत सांगायच्या की तक्रारीच्या पत्रात आधी दिनांक, मग वेळ, मग कृत्य, मग मागणी. भावना शेवटी, जागा उरली तर. म्हणून मागणी आधी लिहिते. फळ्या आज संध्याकाळच्या आत होत्या तिथे बसव आणि दलदलीत पाणी फेब्रुवारी संपेपर्यंत राहू दे. नंतर मी पुन्हा भांडेन, पण ते नंतर.

आता कारण. हे कारण मी तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही, आणि ते तुझ्यासारख्याला पहिल्यांदा सांगावं लागतंय याचा मला खेद आहे.

तुझ्या त्या नऊ एकर ‘चिखलात’ तपस राहतात. बगळ्याच्या जातीचा, तपकिरी, अंगावर वाळक्या पातीसारखे पट्टे असलेला पक्षी. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून पाणकणसात उभा राहतो, आणि वारा आला की कणसांबरोबर हलतो. तू त्याच्यापासून दहा पावलांवर उभा राहून सिगरेट ओढली आहेस. मी पाहिलंय. वसंतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, नर हाक घालतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा आवाज, पण बाटली पिंपाएवढी. लहानपणी तो आवाज आला की आई आपल्याला अंथरुणात घालायची आणि म्हणायची, बन्यिप आलाय, पाणराक्षस, पाटाकडे जाऊ नका. तू घाबरायचास. मी खिडकी उघडायचे.

या घडीला तुझ्या कुंपणापासून साठ पावलांवर एक मादी चार पिल्लं घेऊन बसली आहे. अंडी नाताळच्या दुसऱ्या दिवशी फुटली. उडायला सात आठवडे लागतात. नर हाक घालण्यापलीकडे काही करत नाही, सगळं ती एकटी करते. त्यावर मी इथे भाष्य करणार नाही. घरटं म्हणजे तुडवलेल्या पातीची बैठक, पाण्याच्या वर जेमतेम एक वीत. खाली पाणी आहे तोवर ती सुरक्षित आहे. पाणी गेलं की कोल्ह्याला पायवाट मिळते. आज दुपारपर्यंत पाणी चार बोटं उतरलं. मी माझ्या बाजूच्या काठाला काठी रोवून मोजलं आहे.

हे सगळं मी टाकीच्या मचाणावरून, पपांच्या दुर्बिणीतून पाहते. एकटीच पाहते.

तू म्हणशील, ती दलदल मुळात एक चूक आहे. आहेच. पपांनी अठ्ठावन्न साली पाट खणला तेव्हा उतार उलटा धरला आणि पाणी शेताकडे जाण्याऐवजी कोपऱ्यात जाऊन बसलं. सगळी वस्ती त्याला ‘बेर्टोल्डीचं सरोवर’ म्हणायची, आणि शाळेच्या बसमध्ये तुला त्यावरून चिडवायचे. साठ वर्षं झाली. बसमधली निम्मी पोरं स्मशानात आहेत. तू कोणाला दाखवायला ती जमीन सपाट करतोयस?

ओ. बेर्टोल्डी


गुरुवार, ११ जानेवारी

सिल्वानो,

मंगळवारची संध्याकाळ गेली, बुधवारही गेला. फळ्या आल्या नाहीत. त्याऐवजी माझ्या पत्रपेटीला खताच्या पिशवीचा तुकडा खोचलेला मिळाला: ‘निकास माझ्या हद्दीत आहे. हात लावू नकोस.’ स्वाक्षरी नाही, दिनांक नाही. तुलाही सिस्टर बेनिग्नांकडे धाडायला हवं होतं.

म्हणून आज पहाटे मी तुझ्या हद्दीत शिरले. हे पोलिसांना सांगायचं असेल तर माझं नाव ओत्ताविया बेर्टोल्डी, वय बहात्तर, पाणीवाटप कार्यालयातून निवृत्त. नाव नीट लिहून घ्यायला सांग. शाळेतल्या आयरिश नन्सना ते जमायचं नाही, त्या मला ऑलिव्ह म्हणायच्या. पोलिसांकडून तेवढी चूक नको.

पुढे जे झालं त्याला डग साक्षीदार आहे, आणि उद्या तो ते खानावळीत सांगेल तेव्हा त्यात मीठमसाला असेल. तेव्हा खरं काय ते इथे लिहून ठेवते.

तुम्ही दोघं सात वाजता आलात. मी निकासाच्या भिंतीवर खुर्ची टाकून बसले होते.

“काय चालवलंयस?” तू म्हणालास. सव्वादोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

“बसलेय.”

“पाणी थांबवलंयस तू.”

“थांबलंय खरं. मी शाळेत हुशार होते.”

तू वाकून पाहिलंस आणि तुझा चेहरा बदलला. “ही पोलेंटाची फळी आहे.”

“म्हणजे डोळे शाबूत आहेत.”

“आईची फळी, ताविया. चिखलात घातलीस.”

“माझी फळी. आईने मृत्युपत्रात माझ्या नावानिशी दिली. तुला ट्रॅक्टर दिला, मला फळी दिली. तेव्हा तू हसला होतास.”

ती तिथे इतकी चपखल कशी बसली याचं नवल तुझ्या तोंडावर दिसत होतं. सांगते. पपांना एकच माप ठाऊक होतं. निकासाच्या फळ्या कापून जे लाकूड उरलं, त्यातूनच त्यांनी आईला मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली पोलेंटा पालथी घालायला फळी करून दिली. तीच रुंदी, तीच जाडी. रविवारी आपण सगळे जिच्याभोवती बसून दोऱ्याने पोलेंटा कापत होतो, ती खरं तर निकासाची चौथी फळी होती. वरच्या दोन फटींत मी इस्त्रीची फळी करवतीने कापून बसवली. इस्त्री आता कोणासाठी करायची?

तू पुढे झालास. तेव्हा डग ट्रकमधून उतरला.

“सिल्व्ह, फळी तिची असेल तर राहू दे बाबा.”

“निकास माझा आहे.”

“निकास तुझा. फळी तिची. दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही. माझ्या आज्याने त्यापायी एकाचं नाक फोडलं होतं.”

“तू गप रे, डग.”

“मी गप्पच आहे. फक्त सांगतोय.”

हा नियम कोणत्याही कागदावर नाही. एकतीस वर्षं मी पाण्याची मागणी नोंदवायच्या खिडकीत बसले, सगळी कलमं मला पाठ आहेत, त्यात तो नाही. पण या पाटावरची माणसं दुसऱ्याची बायको पळवतील, कुत्रं चोरतील. दुसऱ्याची फळी उचलत नाहीत. आपल्याला तो पपांनी शिकवला. मंगळवारी तू काढल्यास त्या फळ्या तुझ्या होत्या, म्हणून मी ट्रक अडवला नाही. मी नियम पाळला. आता तू पाळ.

“एका पक्ष्यासाठी?” तू विचारलंस.

“पाच पक्ष्यांसाठी. चार लहान आहेत.”

“आणि माझ्या बायकोसाठी तुला एक वाक्य बोलता आलं नाही. तिला त्या थंडीत कुठे फिरवत होतीस ते आजपर्यंत सांगितलं नाहीस.”

तू ट्रकचं दार आपटलंस. आवाजाने पाणकणसातून मादी उडाली आणि लांब जाऊन उतरली. ती परत यायला पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटं पिल्लं उन्हात होती. तुझ्या दारामुळे.

ओत्ताविया


रविवार, १४ जानेवारी

सिल्वानो,

फळ्यांनी आहे ते पाणी धरलं आहे, पण वरचा पाट बंद असल्यामुळे नवं येत नाही, आणि ऐन उन्हाळा आहे, काल त्रेचाळीस अंश होतं. दोन दिवसांत आणखी तीन बोटं गेली. उत्तरेच्या बाजूला चिखल उघडा पडला आहे. काल सकाळी त्यात पावलं होती. कुत्र्याची नव्हेत. चार नखं, मधला तळवा लहान, आणि सगळी एका रेषेत.

प्रार्थनेहून परत आले तेव्हापासून हे पत्र लिहायला घेतलंय आणि दोनदा फाडलंय. पहिल्या पत्रात मी ‘एकटीच पाहते’ असं लिहिलं. ते खोटं होतं. म्हणजे आता खरं आहे, पण चोवीस वर्षं खोटं होतं.

सोबत एक वही आहे. ती उघडण्याआधी हे वाच.

एक्क्याण्णवच्या वसंतात नोरीन माझ्याकडे लिंबं मागायला आली. तुमचं लग्न होऊन सात महिने झाले होते. दारात उभी राहून म्हणाली, “वन्सं, तुमच्या पाटात बैल पडलाय वाटतं.” मी म्हटलं, बैल नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि पुढचा पाऊण तास लिंबांचं नाव काढलं नाही.

घरट्यावरची मादी ये-जा करते म्हणून दुर्बिणीत सापडते; नर दिसत नाही, सिल्वानो. पाणकणसात शिरून शोधायला गेलं की जागा सोडून जातो. तो फक्त ऐकायचा असतो. एका ठिकाणाहून ऐकलं तर दिशा कळते, अंतर कळत नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात, दोन टोकांना. एकाच हाकेवर दोघांनी होकायंत्र धरायचं, कागदावर आपापल्या जागेवरून रेघ ओढायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पक्षी असतो. मी माझ्या टाकीवर, नोरीन तुमच्या पंपाच्या मागे, बाभळीखाली. दर वसंतात, संध्याकाळी, आठवड्यातून दोनदा. तुला ती सांगायची की शिवणाच्या वर्गाला जाते. चोवीस वर्षांत तिने एक उशी शिवली होती, तीही मी विकत आणून दिली. तुला कधी संशय आला नाही, याचं आम्ही दोघींनी खूप कौतुक केलं.

आमच्या दोघींच्या सतरा वह्या आहेत. माझं अक्षर शाईचं, तिचं पेन्सिलचं. ती समासात काय काय लिहायची ते मी वाचून दाखवणार नाही. काही तुझ्याबद्दल आहे. बहुतेक चांगलं आहे.

तुला का सांगितलं नाही? तू काही वाईट केलं असतंस म्हणून नाही. या भागात सगळ्यांना जे माहीत आहे, तेच आम्हालाही माहीत होतं: शेतात दुर्मीळ पक्षी सापडला की सरकार येतं, फीत लावतं आणि पाणी तोडतं. त्यामुळे ज्याला काही दिसतं तो गप्प बसतो, किंवा त्याहून वाईट काही करतो आणि मग गप्प बसतो. नोरीन म्हणायची, “त्याला सांगितलं तर तो रात्री झोपणार नाही. आणि दलदल सपाट करायचं तो नुसतं बोलतो, करत नाही. करायची वेळ आली तर तेव्हा सांगू.” तेव्हा ती असेल असं आम्ही दोघींनी धरून चाललो होतो.

आता गंमत ऐक. एकतीस वर्षं खिडकीत बसूनही मी पक्ष्यापायी कोणाचं पाणी तुटलेलं पाहिलं नाही. एकदाही नाही. कागद माझ्याच हातातून जात होते आणि तरी मी खानावळीतल्या गप्पांवर विश्वास ठेवला. शंभर शेतकऱ्यांना मूर्ख ठरवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ही मूर्खपणाची बाब आली तेव्हा मी त्यांच्याच रांगेत उभी होते. आम्ही पक्षी इतका चांगला लपवला की आज कोणत्याही कचेरीत, कोणत्याही नकाशावर तो नाही. मंगळवारी तू फळ्या काढल्यास तेव्हा कायद्याने तू एका रिकाम्या जागेतलं पाणी सोडत होतास. हे मी केलं. नोरीनने आणि मी.

आता तू विचारलंस ते. पंधरा साली ऑक्टोबरमध्ये, तू यंत्राचे भाग आणायला दोन दिवस शहराकडे गेला होतास तेव्हा, तिने मला फोन केला. फार दिवस उरले नाहीत असं डॉक्टरांनी तिला मे महिन्यातच सांगून टाकलं होतं, ते तुला माहीत आहेच. म्हणाली, “यंदाच्या वसंतात मी एकदाही ऐकलं नाही. मला ने.” मी तिला पांघरुणात गुंडाळून बाभळीखाली खुर्चीत बसवलं आणि माझ्या जागी गेले. दक्षिणेचा गार वारा सुटला. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि अकराव्या दिवशी ती गेली. तिनेच हट्ट केला होता. तिने शब्द घेतला होता की कुठे होतो ते तुला सांगायचं नाही. अंत्यविधीनंतर सभागृहात, सगळ्यांसमोर, तू मला विचारलंस तेव्हा मी तो शब्द पाळत होते. ‘विचारू नकोस’ म्हणाले, कारण दुसरं काही म्हणायची मला परवानगी नव्हती.

तुमच्या गॅरेजमधली हिरवी घडीची खुर्ची तू महिनाभर शोधत होतास असं डग म्हणाला होता. गुरुवारी मी जिच्यावर बसले होते तीच. तू फळ्यांकडे पाहत होतास, खुर्चीकडे पाहिलं नाहीस.

वही आमच्या दोघींची शेवटची आहे. परत पाहिजे.

ओत्ताविया


मंगळवार, १६ जानेवारी

सिल्वानो,

काल संध्याकाळी तुझा ट्रक पंपाच्या मागे, बाभळीखाली, दिवे बंद करून उभा होता. सव्वासात ते पावणेनऊ. मी टाकीवर होते. यंदाची हाक घालून संपली आहे, तेव्हा तुला काही ऐकू आलं नसणार. मला मच्छर ऐकू आले.

आज सकाळी पत्रपेटीत वही होती आणि आत तुझी चिठ्ठी. या वेळी दिनांकासह. ‘१२ ऑक्टोबरच्या पानावर तिची पहिली रेघ सरळ आहे, दुसरी वाकडी का आहे?’

मला वाटलं होतं तू पानं चाळशील, समासात अडकशील आणि मला माफ करशील. तू रेघा पाहिल्यास. नोरीन म्हणायची की तू मठ्ठ नाहीस, तू सावकाश आहेस. मी तिच्याशी वाद घालायचे.

रविवारचं पत्र नव्वद टक्के खरं होतं. उरलेलं हे.

लांबून बोलता येत नसे, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. भांडी पुसायचं फडकं. एकदा हलवलं तर ‘पुरे, घरी’. दोनदा हलवलं तर ‘अजून एक हाक’. १२ ऑक्टोबर, सोमवार. पहिली हाक सात वाजून पाच मिनिटांनी आली. तिने रेघ ओढली, मी ओढली. मग तिने फडकं एकदा हलवलं. मी दुर्बिणीतून स्पष्ट पाहिलं. एकदा.

पण पहिल्या हाकेला मला शंका होती. दोन नर आहेत की एकच जागा बदलतोय, ते ठरत नव्हतं, आणि चोवीस वर्षांत तिथे दोन नर कधी नव्हते. मला ते ठरवायचं होतं. मी फडकं दोनदा हलवलं.

ती थोडा वेळ काही करेना. मग तिनेही दोनदा हलवलं.

दुसरी हाक सात वाजून बावन्न मिनिटांनी आली. सत्तेचाळीस मिनिटं. मी तिच्याजवळ पोचले तेव्हा तिचे दात वाजत होते आणि पेन्सिल बोटांतून सुटत नव्हती. म्हणून रेघ वाकडी आहे. गाडीत ती म्हणाली, “दोन आहेत ना गं?” मी हो म्हटलं. खरोखरच दोन होते: दुसरी हाक चालू असतानाच पहिल्या जागेवरूनही हाक आली होती. दोन्ही छेद त्या पानावर आहेत, तू पाहिलेच असशील.

तिने शब्द घेतला होता हे खरं. पण सभागृहात मी गप्प बसले ते तिच्या शब्दामागे लपून. तू ‘कुठे’ विचारलं होतंस. मला भीती होती की पुढचा प्रश्न ‘किती वेळ’ असेल.

यापुढे तू काय करायचं ते तू ठरव. माझं तोंड आयुष्यभर पाहू नकोस, मी तक्रार करणार नाही. वाकड्या रेघेची शिक्षा माझी आहे, ती मी घेते. पण पाणकणसातल्या त्या मादीने कोणाला थंडीत बसवलं नाही, आणि माझा सूड तिच्या पिल्लांवर काढायची परवानगी मी तुला देत नाही. दुःख झालं म्हणून माणसाला नऊ एकर पाणी सोडायचा हक्क मिळत नाही. मलाही दुःख झालं होतं. मी काय सोडलं? तिच्यानंतरच्या माझ्या एकटीच्या दोन वह्या उघडून पाहा हवं तर. रोज एकच रेघ आहे. माझ्या टाकीपासून निघते आणि पानाच्या कडेपर्यंत जाते. कुठेही काही छेदत नाही. नर त्या रेघेवर कुठेतरी आहे, एवढंच मला दोन वर्षं माहीत आहे.

आज सकाळी पिल्लं तीन होती. चौथं दिसलं नाही. घरट्याच्या पश्चिमेला पाणी घोट्याएवढं आहे आणि पावलांची रांग तिथपर्यंत आली आहे. मादी मान वर करून उभी होती, हलत नव्हती. एवढंच तिला येतं.

म्हणून आता मागणी, आणि या वेळी ती नीट वाच.

शनिवारपासून आपल्या शाखेचा पाट दुरुस्तीसाठी बारा दिवस बंद होतोय. त्याआधी दलदलीत पाणी यायचं असेल तर शुक्रवारी दार उघडायला हवं, आणि शुक्रवारी दार उघडायचं असेल तर मागणी गुरुवारी सकाळी दहाच्या आत नोंदली गेली पाहिजे. दहा वाजून एक मिनिटाने ती घेत नाहीत. तो नियम मीच एकतीस वर्षं राबवला आणि माझ्या सख्ख्या मामालाही परत पाठवलं होतं. पाण्याचा परवाना तुझ्या नावावर आहे, त्यामुळे माझी सही चालत नाही. अर्ज सोबत जोडला आहे. सगळे रकाने मी भरले आहेत. ‘पाण्याचा उपयोग’ या रकान्यात आजवर या पाटावर कोणी लिहिलं नसेल ते लिहिलं आहे: तपस, एक मादी, तीन पिल्लं. तुझी सही तेवढी राहिली आहे.

सही झाली नाही तर काय, तेही लेखी देते. १२ ऑक्टोबरची वही माझ्याजवळ ठेवून उरलेल्या सोळा वह्या एका खोक्यात बांधून, तिकिटं लावून, माझ्या दाराशी ठेवल्या आहेत. वर राजधानीतल्या पक्षी-संरक्षण कचेरीचा पत्ता आहे. गुरुवारी दहा वाजून पाच मिनिटांनी त्या पोस्टात जातील. मग त्यांची माणसं येतील, फीत लावतील, आणि डगपासून पुढे सगळी वस्ती मला फितूर म्हणेल. म्हणू दे. बहात्तराव्या वर्षी मला कोणाच्या बार्बेक्यूला जायचं नाही. सही झाली तरी वह्या जातीलच, हेही प्रामाणिकपणे सांगते, कारण लपवणं आता मी पुरतं शिकले आणि पुरतं विसरले. फरक एवढाच, की खोक्यावर पाठवणारे म्हणून आता दोन नावं आहेत, नोरीनचं आणि माझं. सही झाली तर तिसरं नाव घालायला जागा सोडली आहे. त्याला पुढच्या ऑक्टोबरात बाभळीखाली बसावं लागेल. खुर्ची त्याचीच आहे, आणि ती मी परत करेन.

तोवर ती खुर्ची निकासावर आहे आणि मी तिच्यावर. फळ्या माझ्या आहेत, त्यातली एक आईची आहे, आणि नियम तुला ठाऊक आहे.

उत्तर लेखी पाहिजे. शाईने, दिनांक आणि वेळ घालून, गुरुवार, १८ जानेवारी, सकाळी दहाच्या आत, माझ्या पत्रपेटीत. डगकरवी निरोप चालणार नाही. ट्रक आणून उभा केलास आणि बोलला नाहीस, तर ते उत्तर धरणार नाही. लांबून फडकं हलवलंस तरी, एकदा असो की दोनदा, ते मी आता स्वीकारत नाही.

तुझी बहीण,
ओत्ताविया